खिळ्यावरची किल्ली

मी एक जुनी मोटार आहे आणि मला मागे जाता येत नाही. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. एका माणसाला ते वेळेवर कुणी सांगितलं नाही, आणि त्यामुळे जे रामायण घडलं तेच मी आज तुम्हाला सांगायला बसले आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तेव्हा मी पांढरीशुभ्र होते आणि माझ्या बॉनेटमध्ये बघून लोक भांग पाडायचे. पहिली बारा वर्षं मी बिदरमध्ये एका इंजिनिअर साहेबांकडे काढली. साहेब मला फार जपत. माझ्या अंगावर कापडी झूल, गॅरेजला दोन कुलपं आणि किल्ली साहेबांच्या उशाशी. रविवारी ते मला देवळापर्यंत नेत आणि तशीच परत आणून झूल घालत. कुणी हात लावला की ओरडत, "ओरखडा पडेल!" लोक म्हणायचे, गाडी ठेवावी तर अशी. मीही ऐटीत असे. पण खरं सांगू का? बारा वर्षांत माझ्या मागच्या सीटवर कुणी पोटभर हसलं नाही की रडलं नाही. कौतुक भरपूर होतं, काम मात्र नव्हतं.

साहेबांनी नवी गाडी घेतली आणि मला मन्नाएखेळ्ळीच्या चन्नबसप्पांनी आणलं. गाव त्यांना अप्पा म्हणतं. हमरस्त्याला लागून त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान आहे. फावडी, पहारी, दोरखंड, खिळे, पत्रे, सगळं तिथे मिळतं. पहिलं वर्षभर अप्पांनीही मला साहेबांसारखंच जपलं. किल्ली कपाटात आणि कपाटाची किल्ली अप्पांच्या कमरेला.

मग एके दिवशी अप्पा माल आणायला बसने हुमनाबादला गेले होते आणि इकडे शेजारच्या रुद्रम्माला कळा सुरू झाल्या. मी दारातच उभी होते, पण किल्ली कपाटात होती. शेवटी अप्पांच्या पत्नीने, महानंदाअक्कांनी, दुकानातलीच पहार देऊन कपाट फोडायला लावलं. तोवर उशीर झालाच. रुद्रम्माची मुलगी दवाखान्यापर्यंत थांबली नाही, माझ्या मागच्या सीटवरच जन्मली. दोघी सुखरूप राहिल्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण नुसता पत्रा नाही.

अप्पा घरी आले, फुटलेलं कपाट बघितलं आणि न जेवताच बसून राहिले.

"आपल्या घरात शरणांचं, साधुसंतांचं नाव घेत्यात," ते अक्कांना म्हणाले. "दारात गाडी आन् किल्ली कपाटात, हे शोभंना आपल्याला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानाच्या चौकटीला चार इंची खिळा ठोकला आणि त्यावर माझी किल्ली अडकवली. ज्याला गरज असेल त्याने न्यावी. अक्कांनी त्याखाली पाटी टांगली आणि दोरीला खडू बांधला. नियम दोनच होते. नेणाऱ्याने आपलं नाव आणि गाव लिहायचं. गाडी आणून लावली की आपलं नाव आपल्याच हाताने पुसायचं. दुसऱ्याने कुणाचं नाव पुसायचं नाही, अप्पांनी सुद्धा.

मित्रांनो, त्या खिळ्याने मला माणसांत आणलं. अकरा वर्षं मी कुणाची नव्हते आणि सगळ्या गावाची होते. मी आजारी माणसं नेली, नवऱ्या मुली नेल्या, परीक्षेला उशीर झालेली पोरं नेली. एकदा तर एक आजारी वासरू नेलं. ते वाटभर माझ्या सीटचं रेक्झीन चघळत होतं. साहेबांनी हे बघितलं असतं तर त्यांना चक्करच आली असती.

एवढ्या हातांत फिरल्यावर अंग झिजायचंच. आधी रिव्हर्स गेला. मग सेल्फ थकला, म्हणून मला चालू करायला धक्का लागू लागला. मागची दारं आतून उघडेनात, मागच्या काचा वर अडकल्या त्या अडकल्याच. हँडब्रेक तर नावालाच होता, म्हणून उतारावर चाकाला लावायला डिक्कीत एक दगड कायमचा आला. पायाचा ब्रेक मात्र अप्पा स्वतः तपासून घेत. ते म्हणत, "चालू व्हायला उशीर झाला तरी चालतंय, थांबायला होऊ नये." माझी ही सगळी दुखणी गावाला तोंडपाठ होती. तोंडपाठ असलेली गोष्ट कुणी कुणाला सांगत नाही, आणि तिथेच घोडं पेंड खातं.

गेल्या वर्षीची माघातली सकाळ होती. दहाचा सुमार असेल. दुकानाच्या फळीवर नेहमीचे तिघे बसले होते. गुंडेराव म्हणजे शेती मुलाच्या हवाली करून फळी सांभाळणारे म्हातारे शेतकरी. गुरुबसव शेजारच्या चहाच्या हॉटेलाचा मालक. तिसरा धनराज, पंक्चर काढणारा. अप्पा घरात जेवत होते. बसमधून एक तरणा माणूस उतरला. इस्त्रीचा शर्ट, हातात काही नाही. त्याने गुरुबसवाकडे चहा घेतला. तेवढ्यात एक जण मला आणून लावून, किल्ली खिळ्यावर अडकवून, नाव पुसून निघून गेला. ते बघून तो बराच वेळ माझ्याकडे आणि खिळ्याकडे बघत बसला. मग तो उठला, हात जोडून तिघांना "शरणु" म्हणाला आणि खिळ्याला हात घातला.

"नाव लिवा पाव्हणं, मंग न्या," गुंडेराव म्हणाले.

तो क्षणभर घुटमळला. मग त्याने खडू घेतला आणि लिहिलं: नागेंद्र, करजगी.

आत बसून त्याने किल्ली फिरवली. मी नेहमीप्रमाणे खोकले आणि गप्प बसले. त्याचा चेहरा पडला. तो उतरणार, एवढ्यात गुंडेराव फळीवरून उठलेच.

"उतरू नका, उतरू नका! हिला धक्का लागतोय. ए गुरुबसवा, ये की रं! धनराज, तू बी ये!"

तिघांनी मिळून मला ढकललं. गुरुबसवाने तर हातातली चहाची किटली खाली ठेवून खांदा लावला. मी चालू झाले. "हळू न्या हो!" असं गुंडेराव मागून ओरडले, आणि आपण पुण्य केलं अशा चेहऱ्याने तिघे फळीवर परत बसले.

मित्रांनो, मी खूप चोऱ्या ऐकल्या आहेत. पण चोराला किल्ली दाखवून, नाव लिहून घेऊन, वर धक्का मारून रवाना करणारं गाव मी तरी दुसरं पाहिलं नाही.

थोड्या वेळाने महानंदाअक्का दुकानात आल्या. त्यांनी पाटी वाचली.

"करजगी? अफजलपूरकडलं? एवढ्या लांबचा माणूस कुणाकडं आलाय?"

"गुरुबसवाचा पाव्हणा हाय न्हव," गुंडेराव म्हणाले.

"माझा? मला वाटलं धनराजचा."

"माझा कुटला? मी तर गुंडेरावांचा समजून ढकललो!"

अक्कांनी कपाळाला हात लावला. "म्हंजी तुमी तिघांनी चोराला धक्का मारून दिलात की!"

अप्पा हात धुऊन आले. त्यांना हे पटेना. "थांबा. गरज आसंल एकाद्याला. आणून लावंल," असं म्हणत ते पाटीकडे बघत बसले.

इकडे मी हमरस्त्याला लागले होते. गावाबाहेरच्या गतिरोधकापाशी नागेंद्रने वेग कमी केला, आणि तिथे रोजच्यासारख्या राजूबाई उभ्या होत्या. राजूबाई म्हणजे गावातल्या भाजीवाल्या. वय साठीच्या पुढे, गुडघे दुखरे आणि तोंड धडधाकट. मी हळू झाले की त्यांना विचारायची गरज वाटत नाही. त्यांनी मागचं दार उघडलं, कोथिंबिरीची टोपली आत सारली, स्वतः चढल्या आणि दार ओढून घेतलं.

"चल रे बाबा. हुमनाबादच्या बाजारात सोड मला."

नागेंद्रने आरशात बघितलं. भूत बसलं असतं तरी तो एवढा दचकला नसता.

"मावशी, उतरा. मला लई घाई हाय."

"मला बी घाईच हाय. कोथिंबीर सुकायलीय. आन् मी उतरू कशी? दार आतून उघडत न्हाई, तुला माहीत न्हाई व्हय? शिवकुमारचा सोबती दिसायलास."

शिवकुमार हा अप्पांचा मुलगा, कलबुर्गीला नोकरी करतो. नागेंद्र "व्हय" म्हणाला आणि चालवत राहिला. रस्त्यात थांबून म्हातारीला ओढून काढलं तर चार लोक जमणार, हे त्याला कळत होतं. राजूबाईंनी त्याला पावसापासून पोरींच्या लग्नापर्यंत सगळं सांगितलं. मग माझं डावं चाक बसल्यासारखं वाटतंय, पंपावर हवा भरून घे, असंही सांगितलं. त्याने मुकाट्याने हवा भरून घेतली. पंपावरचा माणूस मला चांगला ओळखतो. चालवणारा अनोळखी आणि मागे राजूबाई, हे बघून त्याने धनराजला फोन लावला.

फोन ऐकून अप्पा ताडकन उठले. एवढा वेळ गाडीसाठी न उठलेला माणूस चप्पल न घालता ठाण्याकडे पळाला.

"गाडी जाऊ द्या," ते फौजदार मॅडमना म्हणाले. "राजूबाई आत हाय."

फौजदार मल्लेश्वरी मॅडम आमच्या ठाण्यात नव्याने आल्या होत्या. त्यांनी दोनच प्रश्न विचारले, पुढच्या नाक्याला फोन करून रस्ता अडवायला सांगितला आणि अप्पांना शेजारी बसवून जीप काढली.

पंपापासून पाचसहा किलोमीटरवर मला मागून भोंगा ऐकू आला. नागेंद्रनेही ऐकला आणि पाय दाबला. साठ, सत्तर, नव्वद. नव्वदचा आकडा माझ्या काट्याने कित्येक वर्षांत बघितला नव्हता. माझं अंगअंग खिळखिळं झालं. समोर उसाच्या हिरव्या शेंड्यांनी, वाढ्यांनी भरलेली बैलगाडी आली, नागेंद्रने मला एकदम वळवलं आणि बैलांच्या शिंगांना चाटून मी पुढे गेले. गाडीवान रस्त्याच्या कडेला फेकला गेला. तो उठून उभा राहिलेला मला दिसला, म्हणून बरं. कोथिंबिरीची टोपली उलटली. आणि राजूबाई गप्प झाल्या. मित्रांनो, राजूबाई गप्प झाल्या तेव्हा मला खरी भीती वाटली.

मागच्या जीपमध्ये काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. मागच्या काचेतून मॅडमना हिरवा पदर आणि सीट घट्ट धरलेला एक हात दिसला. त्यांनी पाय सैल केला आणि भोंगा बंद करायला सांगितला.

"मॅडम, निघून जायलाय त्यो!" हवालदार म्हणाला.

"जाऊ दे. मागं लागलं तर आणखी पळवंल. चोर उद्या बी सापडंल, म्हातारी उद्या सापडायची न्हाई."

अप्पांनी मान हलवली. "आन् मॅडम, गाडीला रिव्हर्स पडत न्हाई."

"मग तर घाईच कसली," मॅडम म्हणाल्या आणि जीप आणखी मागे ठेवली.

नागेंद्रला पुढे लांबवर रस्त्यात आडवे लावलेले अडथळे दिसले. त्याने मला डावीकडे तुरीच्या शेतांमधल्या लाल मातीच्या गाडीवाटेवर घातलं. वाट उताराची होती. दोन्ही बाजूंना तूर डोक्याएवढी उभी होती, त्यामुळे पुढचं दिसत नव्हतं. एक वळण आलं आणि वाट संपली. समोर विहीर होती. कठडा नव्हता.

त्याने सगळं अंग ब्रेकवर टाकलं. मी घसरत गेले, घसरत गेले आणि थांबले. माझ्या पुढच्या चाकांपासून विहिरीची कड हातभर सुद्धा लांब नव्हती. एक ढेकूळ सुटून आत पडलं आणि बऱ्याच वेळाने पाण्याचा आवाज आला.

नागेंद्रने रिव्हर्स टाकायला दांडी ओढली. कर्रर्र आवाज झाला. पुन्हा ओढली, पुन्हा कर्रर्र. तिसऱ्यांदा त्याने एवढा जोर लावला की आतलं काहीतरी तुटलं आणि दांडी त्याच्या हातात नुसतीच हलू लागली. आता मागचाही गिअर पडेना आणि पुढचाही.

"आरं, हिला माघारी जाता येत न्हाई," मागून राजूबाई म्हणाल्या. "सगळ्या गावाला माहीत हाय. तुला कुणी सांगितलं न्हाई?"

नागेंद्रने हँडब्रेक ओढला आणि ब्रेकवरचा पाय जरासा उचलून बघितला. मी बोटभर पुढे सरकले. त्याने पाय परत दाबला. मागची दारं आतून उघडत नव्हती आणि दुखऱ्या गुडघ्यांनी राजूबाईंना पुढच्या सीटवर येणं जमणार नव्हतं. त्याच्या बाजूचं दार मात्र धडधाकट होतं. दार उघडून तो तुरीत शिरला असता तर कुणाच्या बापाला सापडला नसता.

"पळायचं आसंल तर पळ रे," राजूबाई म्हणाल्या. "मी काय धरून ठिवले न्हाई तुला."

"पाय काढलो तर गाडी हिरीत जाती, मावशी."

"व्हय की."

"मंग काय. बसलोय."

ते दोघे तसेच बसले. पाव तास असेल, मला तो दिवसभरासारखा वाटला. त्याचा पाय भरून आला तसा त्याने दोन्ही पाय ब्रेकवर ठेवले. राजूबाई सांडलेली कोथिंबीर एकेक जुडी करून टोपलीत भरू लागल्या. हाताला काम असलं की भीती कमी वाटते, असं त्या नंतर म्हणाल्या.

"नाव काय रे तुझं?"

"नागेंद्र."

"खरं?"

"पाटीवर बी तेच लिवलोय."

"येड्या, चोरी करायलास आन् खरं नाव लिवलास?"

त्याने विहिरीकडे बघितलं. मग म्हणाला, "त्यांनी पाव्हणं म्हटले. मला दुसरं नाव सुचलंच न्हाई."

जीपचा आवाज आला. मॅडम आणि अप्पा हळूहळू उतरत आले. अप्पांनी काही न विचारता डिक्की उघडली, दगड काढला आणि माझ्या चाकाखाली सारला. हवालदाराने बांधावरचे आणखी दोन आणून लावले. मॅडमनी बाहेरून दार उघडून राजूबाईंना हात धरून उतरवलं. राजूबाईंचे पाय मातीला लागले आणि माझा जीव भांड्यात पडला. मग अप्पा खिडकीतून म्हणाले, "आता काढ पाय."

नागेंद्रने पाय काढला. मी हलले नाही. तो उतरून माझ्या शेजारी उभा राहिला.

एवढ्यात मोटारसायकलींवरून गाव आलं. सगळ्यांच्या पुढे गुरुबसव होता, हातात दांडकं घेऊन. ज्याने सगळ्यात जास्त जोर लावून ढकललं होतं, तोच आता सगळ्यात जास्त ओरडत होता. "हात तोडा याचे! पुन्यांदा किल्लीला लावणार न्हाई!" मागून आणखी चारपाच जण धावले. मॅडम आडव्या उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या शेजारी अप्पा.

"गाडी कुणाची?" अप्पांनी विचारलं.

"तुमचीच की, अप्पा."

"मंग माराचा पैला हक्क माझा. आन् मी मारत न्हाई. शिक्षा हुईल त्याला, ती कोर्ट करंल. त्यासाठी कोर्ट हाय. ठिव ते दांडकं."

गुरुबसवाने दांडकं खाली टाकलं आणि तोंड फिरवून डोळे पुसले. रागापेक्षा त्याला शरमच जास्त आली होती, बिचाऱ्याला.

पुढचे चार महिने मी ठाण्याच्या आवारात काढले. चोरीचा माल कोर्टाचा हुकूम येईपर्यंत तिथेच ठेवतात. पाटी सुद्धा पुरावा म्हणून आली होती. खडू पुसू नये म्हणून मॅडमनी ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवली होती. माझ्या अंगावर धूळ बसली, चाकं बसली, आणि एका मांजरीने माझ्या सीटखाली तीन पिल्लं घातली. तेवढाच विरंगुळा. मला सोडताना मॅडमनी अप्पांना दम भरला की आधी हँडब्रेक आणि दारं दुरुस्त करा. ती झाली. गिअरही बसला. रिव्हर्सचा भाग मात्र आता कुठे मिळत नाही म्हणतात.

घरी आले तर खिळा रिकामा. कलबुर्गीहून शिवकुमार आला होता. त्याने नवं कपाट आणलं, माझ्या स्टीअरिंगला साखळी घातली आणि किल्ली कुलपात टाकली.

"अप्पा, तुमी लई भोळे हाव. चोर न्हाई, त्यो खिळाच चोरी करवतोय. राजूबाई मेल्या असत्या तर?"

शिवकुमार दुष्ट नव्हता, मित्रांनो. तो खरंच घाबरला होता. पण मला मात्र साहेबांचं गॅरेज आठवलं. आठवडेच्या आठवडे मी दारात उभी. लोक आजारी माणसाला घेऊन बसची वाट बघत थांबायचे आणि माझ्याकडे बघायचेही नाहीत. किल्ली मागायची त्यांना लाज वाटायची. रुद्रम्माची मुलगी शाळेतून येताना रोज माझ्या दाराला हात लावून जायची, तेवढाच काय तो माणसाचा स्पर्श.

फळीवर मात्र शिक्षेची चर्चा रंगायची. गुरुबसव म्हणे, हात तोडायला पाहिजे होते. धनराज म्हणे, गाढवावरून धिंड काढा. गुंडेराव म्हणे, म्हातारीचा जीव वाचवला, सोडून द्या त्याला. एके दिवशी राजूबाईंनी टोपली खाली ठेवली आणि तिघांना गप्प केलं.

"मी कोर्टात दोनी सांगणार हाय. नव्वदनं पळवला, गाडीवानाला पाडला, ते बी. आन् पाय काढला न्हाई, ते बी. निम्मं ऐकून कुटं शिक्षा बरोबर हुती का?"

खटला उभा राहिला तेव्हा शिवकुमारच सगळ्यांना माझ्यातून हुमनाबादच्या कोर्टात घेऊन गेला. मी आवारातल्या लिंबाखाली थांबले होते. आत काय झालं ते परतीच्या वाटेवर राजूबाईंनी इतक्या वेळा सांगितलं की मला ते पाठ झालं आहे.

नागेंद्रच्या वकिलाने अप्पांना विचारलं, "तुम्ही कुणालाही गाडी नेऊ देता?" अप्पा म्हणाले, व्हय. "नाव लिहिलं की झालं?" व्हय. "याने खरं नाव लिहिलं होतं?" व्हय. "लोकांनी धक्काही मारून दिला?" अप्पांनी मान खाली घातली आणि म्हणाले, व्हय. खोटं त्यांना बोलताच येत नाही. वकील न्यायाधीशांकडे वळला. साहेब, ही चोरी नाहीच, ही उसनवारी आहे. चूक असेलच तर असा खिळा ठोकणाऱ्याची आहे. शिवकुमारने डोक्याला हात लावला. हे मान्य झालं असतं तर नागेंद्र त्याच दिवशी सुटला असता आणि खिळा जन्माचा गुन्हेगार ठरला असता. कुलूप मग कायमचंच होतं.

तेव्हा नागेंद्र हात जोडून उभा राहिला.

"साहेब, वकीलसाहेब माझ्या भल्याचं बोलायलेत, पर ते खरं न्हाई. मी गाडी परत आणणार नव्हतो. याच्या आधी दोन मोटारसायकली बी मीच नेलोय. नाव लिवल्यानं चोरी उसनी हुत न्हाई. खिळ्याची काय चूक न्हाई, साहेब."

न्यायाधीशांनी त्याला दीड वर्षाची शिक्षा दिली आणि आत काढलेले महिने त्यात धरले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. गुरुबसवाने फक्त सुस्कारा सोडला.

परत येतानाही शिवकुमारच चालवत होता. दुकानापाशी त्याने मला उभं केलं, साखळी काढून डिक्कीत टाकली आणि स्वतःच्या हाताने किल्ली खिळ्यावर अडकवली.

"रिव्हर्स न्हाई म्हणून वर लिवून तरी ठिवा," तो म्हणाला. अप्पांनी दुसऱ्याच दिवशी पत्र्यावर रंगाने तसं लिहून चौकटीवर ठोकलं. गुंडेरावांनी नवं काम अंगावर घेतलं. किल्लीला हात लावणाऱ्या प्रत्येकाला ते आता विचारतात, "कुणाचं पाव्हणं?" सख्ख्या पुतण्याला सुद्धा विचारतात.

कोर्टाकडून पाटीही परत आली. नागेंद्र, करजगी. अक्षरं अजून होती. धनराज पुसायला गेला तर अक्कांनी हात धरला. ज्याचं नाव त्यानेच पुसायचं. म्हणून गाव पाटीच्या दुसऱ्या बाजूला लिहू लागलं.

आणि गेल्या महिन्यात, भर दुपारी, बसमधून तो उतरला. बारीक झाला होता. तो माझ्यापासून चार हात लांब उभा राहिला. गुरुबसवाच्या हातातली किटली तशीच राहिली. गुंडेरावांनी घसा साफ केला.

"कुणाचं पाव्हणं?"

नागेंद्रने इकडेतिकडे बघितलं. समोरून राजूबाई टोपली घेऊन येत होत्या.

"राजूबाईंचा," तो म्हणाला.

राजूबाईंनी त्याला वरून खाली बघितलं आणि म्हणाल्या, "व्हय, माझाच हाय."

त्याने खिळ्याखालची पाटी उलटी केली, आपलं नाव तळहाताने पुसलं आणि खडूचा हात शर्टाला पुसला. मला वाटलं, आता जाईल. पण राजूबाईंना बाजार गाठायचा होता. धनराज मला चालवायला बसला, किल्ली फिरवली आणि मी नेहमीसारखी खोकून गप्प झाले. गुरुबसवाने किटली खाली ठेवली. "बगत काय उभारलायस?" तो नागेंद्रवर खेकसला. "लाव की खांदा!" दोघांनी शेजारी शेजारी खांदे लावले. ते हात मी ओळखले.

मित्रांनो, गाडीचा ब्रेक नेहमी तपासून घ्या. आपलं काय बिघडलं आहे ते नव्या माणसाला आधीच सांगा. चोराला शिक्षा जरूर होऊ द्या, पण ती पुरतं ऐकून घेणाऱ्याच्या हातून. आणि एका चोरासाठी खिळा उपटू नका. तो उपटायला एक क्षण लागतो आणि परत ठोकायला फार दिवस जातात.

मी चालू झाले. राजूबाईंनी आतून काच खाली केली, आता ती होते, आणि मागून गुंडेराव ओरडले, "हळू न्या हो!"